कबरीचा खुराक

यमुनाबाईंनी सकाळीच तोंड सोडलं आन माझ्या चहाची चव गेली. आमचं घर त्यांच्या कुडाला लागून. वाघोलीत चहूकडं बिल्डिंगा उठल्या, मधी आमची चार घरं तेवढी राहिली, त्यात कुणाची शिंकसुदीक लपत न्हाय.

"गाभण शेळीला दाणा घालायचा न्हाय," त्या सुनेला, दीपालीला, बजावत होत्या. "करडू पोटात थोराड हुतंय, मग अडतंय."

"आत्याबाई, गेल्या साली न्हाई घातला, तर करडू उभं ऱ्हायलंच न्हाय. कासंत थेंब नव्हता."

"तू मला शिकवू नगं."

दीपालीनं पाल्याची पेंढी उचलली. तिला सोताला नववा लागलेला, आन तिच्या ताटालाबी हाच कायदा. दीड भाकरी झाली की सासूचा हात टोपल्यावर. मला लई राग यायचा, पण दुसऱ्याच्या चुलीत आपण कशाला फुंकायचं.

चार दिसांनी ती शेळी, कबरी, फुगून टम्म झाली आन पाय झाडाय लागली. दीपालीनं फोन लावला. जनावरांचे डॉक्टर आले, औषध पाजलं आन इचारलं, "खायला काय दिलंत?"

"पाला," यमुनाबाई म्हणाल्या.

"पाल्यानं असं होत नाही."

दीपालीचा नवरा रतन मान खाजवत म्हणाला, "कामावर जाताना थोडी बाजरी घालायचो."

"आन मी मक्याचा भरडा," दीपाली म्हणाली. "आत्याबाई देवळात गेल्या की."

दोघं यमुनाबाईंकडं बघाय लागली. बाईंनी पदर आवळला, तशे त्यातनं गहू घरंगळले.

"गाभणीला दाणा द्याच," डॉक्टर म्हणाले. "पण एकानं द्या, आणि मापात."

म्हंजे बघा, शेळीला तिघं चोरून चारत होती. रतननं आईची नजर चुकवून बायकोला कधी शेंगदाणा दिला नव्हता.

मग मापटं यमुनाबाईंनी हातात घेतलं. आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या कबरीला जेवाय बोलवायच्या. कबरी याली, दोन करडं झाली, धडधाकट, दूधबी भरपूर. बिल्डिंगीतल्या बाया फोटू काढाय आल्या, तवा यमुनाबाई त्यांना सांगत हुत्या, "माझ्या खुराकाची करणी. दोन जिवांच्या मुक्या जितराबाला उपाशी ठिवून भागतंय व्हय?"

सांच्याला मी करडं बघाय गेले, तर घरात जेवणं चाललेली. दीपालीची दीड भाकरी झाली. सासूचा हात टोपल्यावर गेला. दीपालीनं ताट काय मागं घेतलं न्हाय.

"आत्याबाई, म्या बी दोन जिवांचीच हाय की."

रतन ताटात बघत बसला. यमुनाबाईंनी एकदा माझ्याकडं पाह्यलं आन टोपल्यावरचा हात काढला.

"मग घे की. तुला कवा कोण नगं म्हणलंय?"

एवढं धादांत खोटं मी जन्मात ऐकलं नव्हतं. दीपालीनं दोन भाकरी उचलल्या.