मिरचीच्या मोसमात वाघ बघायला गेलेली दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, मला गोष्ट नीट सांगता येईल की नाही, याची खात्री नाही. बघणे हे माझे काम, बोलणे नव्हे. तरीही आज बोलणार आहे, आणि कोणी गप्प बस म्हटले तरी ऐकणार नाही.

माझ्या काचा कुठल्या कारखान्यात घासल्या गेल्या, ते मला आठवत नाही. आठवते ते सुरतेचे दुकान. नंदुरबारचे मिरचीचे व्यापारी जवरीलालजी आणि त्यांच्या पत्नी सज्जनबाई तेथे आले होते. सज्जनबाईंनी मला डोळ्यांना लावून समोरच्या गच्चीवरचे कबूतर पाहिले आणि म्हणाल्या, "कबूतर एवढं, तर वाघ केवढा दिसेल!" त्यांना मध्य प्रदेशातले एक प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यान बघायचे होते. मला वाघासाठी घेतले होते, हे विसरू नका. घरचे मात्र विसरले.

उद्यानात कोणत्या ऋतूत जायचे, यावर या घरात दरवर्षी चर्चा होई. जैन घराच्या रीतीप्रमाणे दिवस मावळण्याआधी सगळे जेवायला बसत, तेव्हा हा विषय हमखास निघे.

"पावसाळ्यात उद्यान बंद असतं," जवरीलालजी सांगत. "आणि चातुर्मासात आपण फिरतो का कुठे?"

"उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यावर येतो म्हणतात," मुलगा महावीर म्हणे.

"अन् घरोघरची लग्नं कोण करणार, वाघ? त्या उन्हात तुझ्या आईला चक्कर आली म्हणजे?"

राहिला हिवाळा. हवा छान, जंगल हिरवे. सर्वांत उत्तम ऋतू हाच, यावर घरात एकमत होते. पण नंदुरबारात हिवाळा म्हणजे मिरची. ओली लाल मिरची बाजारात येते, व्यापारी ती विकत घेऊन मोकळ्या मैदानावर वाळत घालतात. त्या मैदानाला पथारी म्हणतात. पथारी लाल झाली की व्यापारी गावाबाहेर पाऊल टाकत नाही. मग जवरीलालजी ताट सरकवत म्हणत, "पुढच्या वर्षी बघू."

अशी वर्षे गेली. मला गच्चीवर नेऊन पथारीत शिरणाऱ्या शेळ्या बघायला लावले. आकाशात ढग शोधायला लावले. एकदा अवकाळी पावसाचा ढग माझ्यातून वेळेवर दिसला, माल वाचला, आणि बाजारात माझे कौतुक झाले. त्या कौतुकाची मला लाज वाटली. वाघासाठी आलेली मी शेळ्या राखत होते! मिरचीची धूळ माझ्या सांध्यांत इतकी बसली की मला डोळ्यांना लावणारा हमखास शिंके.

पुढे ढगांची बातमी मोबाइलवर येऊ लागली. मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवले गेले. "महागाची वस्तू आहे, जपून ठेवा," जवरीलालजी म्हणाले. त्या जपण्याने माझ्या उजव्या नळीत बुरशी धरली.

गेल्या पावसाळ्यात सज्जनबाईंच्या उजव्या डोळ्याची नजर काचबिंदूने गेली. डावा डोळाही मंदावतो आहे, आणि गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्या घरी आल्या, कपाट उघडले आणि मला बाहेर काढले.

"मुस्कान," त्या नातीला म्हणाल्या, "उद्यानाचं बुकिंग कर. याच हिवाळ्यात जायचं."

"दादी, पण मिरची?"

"मिरची दरवर्षी येते. माझा डोळा नाही येणार."

निघण्याच्या सकाळी नेमके आभाळ भरून आले. पथारीवर मिरची उलटवणारी कालीबाई ताडपत्री मागायला दारात आली. जवरीलालजींचा चेहरा उतरला.

"आज नका जाऊ. उन्हाळ्यात नक्की नेतो."

"उन्हाळ्यात मला पाणवठा दिसेल, की नुसता उजेड दिसेल? सांगा ना."

"बरं, ती दुर्बीण तरी ठेवून जा. मोबाइलला ढगातलं काय कळतं?"

"वाघासाठी घेतली होती. तुमच्या ढगांसाठी नाही." सज्जनबाईंनी माझा पट्टा गळ्यात अडकवला.

कालीबाई हसली. "जाई या, सेठाणी. मिरची काय पयी जास का?"

"तू गप बस, कालीबाई! मिरची पळत नाही, पण भिजते!" जवरीलालजी ओरडले.

"मी गप बसनू ते ताडपत्री कोन टाकी, सेठ?"

सज्जनबाई, मुस्कान आणि मी, आम्ही गेलो. जवरीलालजी पथारीवर थांबले.

उद्यानात पहिल्या दिवशी धुक्याशिवाय काही दिसले नाही. वाटाड्या म्हणाला, "माँजी, गर्मी में आना था." सज्जनबाईंनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. दुसऱ्या सकाळी धुके फाटले. गवताच्या कडेला एक वाघीण पंजा चाटत बसली होती. सज्जनबाईंनी मला डाव्या डोळ्याला लावले. माझी डावी नळी अजून स्वच्छ होती. जीपमध्ये कोणी श्वासही घेत नव्हते.

आणि सज्जनबाई जोरात शिंकल्या. नंदुरबारची मिरची!

ड्रायव्हरने कपाळाला हात लावला. पण वाघीण पळाली नाही. तिने मान वळवली आणि सरळ आमच्याकडे पाहिले. तिचे पिवळे डोळे, डोळ्यांवरचे पांढरे ठिपके, मिशांवरचे दव, सगळे मी सज्जनबाईंपुढे आणून ठेवले. मग ती उठली आणि सावकाश गवतात गेली.

घरी आलो तेव्हा थोडी मिरची भिजून काळी पडली होती. जवरीलालजी रात्रीपर्यंत ती निवडून वेगळी काढत बसले. मग हळूच त्यांनी विचारले, "केवढी होती?"

मित्रांनो, आता सज्जनबाईंना डाव्या डोळ्याने माणसाचा चेहरा ओळखू येत नाही. वाघीण मात्र त्या कोणालाही सांगतात, दवासकट. आणि जवरीलालजींनी मला काचेच्या शोकेसमध्ये ठेवायचे ठरवले आहे. हे मला अजिबात मान्य नाही.

उद्यानात जायला चांगला ऋतू कोणता, असे मला विचाराल, तर ज्या ऋतूत सगळे 'आत्ता नको' म्हणतात, तो. वस्तू जपा म्हणतात, ते मीही म्हणते. माझी धूळ पुसा, काचा स्वच्छ ठेवा. पण मग मला गळ्यात घाला आणि घराबाहेर पडा. पडले तर पडू दे, फुटले तर फुटू दे. कपाटात बसून मी आंधळी होणार नाही.