बोडीवरचा रोमन म्हातारा

मित्रांनो, मी एक जुना रोमन म्हातारा आहे. म्हातारा म्हणजे फक्त डोकं, मान आणि थोडेसे खांदे. बाकीचा देह कारागिराने केलाच नाही. मी दगडाचाही नाही, पांढऱ्या प्लास्टरचा आहे. साच्यात ओतला, वाळवला आणि विकला. हा चेहरा कोणाचा, हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

नागपूरच्या एका कॉलेजने मला विकत घेऊन लॅटिनच्या वर्गात कपाटावर ठेवलं. पाहुणे आले की त्यांना मला दाखवत. "आमच्याकडे लॅटिनही शिकवतात!" पाहुणे माझ्या नाकाची स्तुती करत आणि चहा प्यायला निघून जात. लॅटिन शिकायला मात्र कुत्रं फिरकत नसे. माझा राग तिथून सुरू झाला, तो अजून उतरलेला नाही.

सन १९५२ मध्ये त्या वर्गात शालीकराम आला. अर्जुनी मोरगावकडचा, धान पिकवणाऱ्या घरचा. त्याचा बाप चैतराम याला कोणीतरी सांगितलं होतं की मोठे वकील कोर्टात लॅटिन फेकतात. झालं! पोराला लॅटिनमध्ये ढकललं. पोरगा मार्चच्या परीक्षेत सगळ्या विषयांत पास झाला आणि लॅटिनमध्ये आपटला. सप्टेंबरात पुन्हा बसता येणार होतं. बापाने बजावलं, "या खेपेले नाई निघाला, त कालेज बंद. नांगर धर अन् चाल."

लॅटिनचे सर भले माणूस. ते शालीकला म्हणाले, "गावात तुझं लॅटिन ऐकणार कोण? याला घेऊन जा. याच्यासमोर रोज मोठ्याने म्हण." कॉलेजचे बाबू रामलाल यांनी मात्र डोळे वटारले. "परीक्षा के पहले वापस जमा करना. नहीं तो प्रवेशपत्र नहीं मिलेगा, समझे?"

पोत्यात बसून, छोट्या रेल्वेगाडीचे धक्के खात मी गावी पोचलो. शालीकच्या आईने, धुरपताबाईने, पोतं उघडलं आणि ती किंचाळली.

"मुंडकं! अगा, बिनधडाचा माणूस घरात आणते का कोणी? बाहेर ठेव त्याले!"

म्हणून शालीकने मला बोडीच्या पारीवर, मोहाच्या झाडाखाली ठेवलं. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारा गावचा छोटा तलाव, आणि पार म्हणजे त्याचा मातीचा बांध. शालीक रोज पहाटे बोडीत आंघोळ करायचा आणि ओल्या धोतरानेच माझ्यासमोर उभा राहून मोठ्याने पाठ म्हणायचा.

आता तुम्हीच सांगा, ओल्या धोतरातला माणूस झाडाखालच्या मुंडक्यासमोर न समजणाऱ्या भाषेत बोलतो, तर बाया काय समजतील? देवकाबाई ही गावातली सगळ्यांत वडीलधारी बाई. तिने पहिल्या आठवड्यातच माझ्या कपाळाला शेंदूर लावला. मग इतर बाया आल्या. पोरगं बिचारं "मेज, मेजाला, मेजाचे" एवढंच लॅटिनमधून म्हणत होतं, आणि बाया हात जोडून उभ्या होत्या!

त्या पावसाळ्यात पार फुटली नाही. दरसाल फुटायची. चैतरामने सारा उन्हाळा मातीच्या टोपल्या वाहून ती बुजवली होती. पण श्रेय कोणाला? मला! चैतराम ओरडून सांगत होता, त्याचं कोणी ऐकलं नाही. मला रोज लोटेच्या लोटे पाणी मिळू लागलं. प्लास्टरला पाणी म्हणजे काय, हे तुम्हाला कळतं का? आधी कान गेले. मग ते स्तुतीचं नाक गेलं.

एकदा शालीकला कंटाळा आला आणि त्याने अर्धाच पाठ म्हटला. लगेच बोडीवर धुणं धुणाऱ्या देवकाबाईने हातातला कपडा खाली टाकला.

"काऊन गा शालिक, काल लंबा होता. आज कमी काऊन?"

"मावशी, तेवढाच हाय."

"मले शिकवू नोको. मधातलं गाळलं तू. पयल्यापासून म्हण!"

त्याने पहिल्यापासून म्हटलं. दुसऱ्या दिवशीही तेच. एक ओळ गाळायची सोय उरली नाही. कॉलेजात त्याच्यावर एवढी नजर कोणी ठेवली नव्हती.

सप्टेंबर आला. शालीक मला उचलायला गेला, तर देवकाबाई पारीवर आडवी बसलेली.

"देव कुठी नेऊन रायला?"

"मावशी, हा देव नाई. कालेजचा हाय. जमा नाई केला, त मले परीक्षेले बसू देत नाई."

"अन् पार फुटली, त तुया बाप झोपन का तिथं?"

चैतराम मागून ओरडला, "सारा उन्हाळा मीच झोपलो होतो वो तिथं!"

बाया हसल्या, पण हलल्या नाहीत. शेवटी धुरपताबाई पुढे आली. ज्या बाईने मला घरात घेतलं नव्हतं, ती म्हणाली, "पाहुणा हाय तो. पाहुण्याले अडवून ठेवतेत का? पोचवून देऊ, मंग बोलावू. शालिक, वापस आणतो म्हण."

"आणतो," शालीक म्हणाला. तेव्हा कुठे डफडं वाजवत मला स्टेशनवर नेलं.

रामलाल बाबूंनी पोतं उघडलं. "ये क्या उठा लाए? हमारा सफेद था, नाकवाला! ये जमा नहीं होगा." असं म्हणताना त्यांनी मला हळूच हातही जोडले.

शालीक गयावया करू लागला, बाबू ओरडू लागले. आरडाओरडा ऐकून सर आले. त्यांनी माझ्या नाकाच्या जागी बोट फिरवलं. मग म्हणाले, "याच्यासमोर काय म्हटलंस? म्हण."

शालीकने डोळे मिटले आणि सुरुवात केली. मेजापासून निघाला तो थांबेचना. सरांनी खुर्ची ओढली आणि बसून सगळं ऐकलं.

"कोणी करून घेतलं हे?"

"देवकाबाईनं."

"कुठल्या कॉलेजात शिकवतात त्या?"

"धुणं धुतेत, सर."

सर रामलालना म्हणाले, "जमा करून घ्या. नाक माझ्या नावावर लिहा." शालीक परीक्षेला बसला आणि पास झाला. पुढे पोरंच मिळेनात म्हणून लॅटिनचा वर्ग बंद पडला. सरांनी मला अडगळीत जाऊ दिलं नाही, शालीकच्या हवाली केलं. त्याने शब्द पाळला.

आज १९६० साल आहे. शालीकराम गोंदियाला वकील आहे. कोर्टात त्याला लॅटिन एकदाही लागलं नाही. मी मोहाखाली आहे आणि अजून विरघळतो आहे.

मित्रांनो, स्पष्ट सांगतो. कॉलेजने मला मिरवलं आणि गावाने मला न्हाऊ घातलं. दोघांनीही विचारलं नाही, "बाबा, तू कोण?" तुम्ही पुस्तकांनाही हळदकुंकू वाहता आणि पानं उलटत नाही. पुरे करा हे! इकडे याल तेव्हा लोटा घरी ठेवून या. माझ्यासमोर बसा आणि काहीतरी पाठ म्हणा. लॅटिन नको, पाढे चालतील. फक्त मधलं गाळू नका. देवकाबाई अजून इथेच धुणं धुऊन राहिली आहे.