कोपऱ्यातले हात

शनिवारी सकाळी अकरा वाजता आईने मला दुकानाच्या काउंटरवर ठेवलं, माझ्या अंगावरचा टॉवेल काढला आणि दुकानदाराला सांगितलं, "हा ठेवून घ्या आणि नवा द्या. याचं चित्र गेलंय."

माझं चित्र गेलेलं नव्हतं. पण यंत्राला विचारतं कोण?

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. छपरावरची डिश आकाशातून जे पकडते ते वायरीतून माझ्याकडे येतं. ते मी टीव्हीला देतो, आणि सांगितलं तर पोटात साठवून ठेवतो. माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. हातमोजे घातलेल्या बायका मला एकीकडून दुसरीकडे सरकवत होत्या. शेवटच्या बाईने मला कानाशी धरलं, आतली चकती फिरल्याचा आवाज ऐकला आणि मान हलवली. एवढंच माझं बारसं.

मग हेच दुकान. तेव्हा मी नवा होतो आणि वरच्या फळीवर बसलो होतो. एक दिवस एक बाई, त्यांचा नवरा आणि त्यांची मुलगी अशी तिघं आली, म्हणजे आत्ताचे माझे आई, बाबा आणि ताई. नवरा शिंप्याचं काम करणारा. गळ्यात मापाची पट्टी तशीच राहिली होती. दुकानदाराने माझी करामत दाखवायला फुटबॉलचा सामना लावला. हिरवळीचं पातंन्‌पातं दिसत होतं. त्या माणसाने सामन्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याने हात हवेत फिरवले, बोटं जुळवली, सोडली.

"ते म्हणतायत, चेंडू नको, कोपरा दाखवा," बाई म्हणाल्या.

"कोपरा? कसला कोपरा?"

"बातम्या लावा. उजवीकडे खाली एक बाई हातांनी बातम्या सांगते ना, तो कोपरा. ती ही आमची मुलगी."

दुकानदाराने मुलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं आणि घाईघाईने आणखी एक खुर्ची पुढे केली.

बाबांना जन्मापासून ऐकू येत नाही. ताई बोलायला लागायच्या आधी त्यांच्या मांडीवर बसून हातांची भाषा शिकली. दर गुरुवारी संध्याकाळी सहाच्या बातम्या ती पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका लंबगोलात उभी राहून सांगते. घरातल्या जुन्या खोक्यावर तो लंबगोल म्हणजे धुराचा ठिपका होता. बोटं एकमेकांत विरघळून जायची. बाबांना बोटं सुटी सुटी दिसायला हवी होती. ती माझ्यात दिसली.

आईची अट वेगळी होती. सहा वाजता तिची मालिका असायची. दुकानदाराने समजावलं, "काकू, यात दोन वाहिन्या एकदम पकडता येतात. एक बघा, दुसरी साठवा. भांडणच नाही."

"म्हणजे आता आम्ही सहा वाजता करायचं काय?" आई म्हणाली.

असा मी त्या घरात आलो. बैठकीच्या खोलीत लाकडी कपाटावर मला जागा मिळाली. त्या घराची एक रीत मला पहिल्याच दिवशी कळली. आईचं 'अहो' म्हणजे फरशीवर टाचेचा एक ठोका. तो फरशीतून बाबांच्या तळपायांना कळायचा आणि कपाटातून मला. दोन ठोके म्हणजे जेवायला चला. तीन म्हणजे आता मात्र माझं डोकं फिरलंय.

माझं खरं काम शुक्रवारी संध्याकाळी असायचं. ताई दुसऱ्या वस्तीत राहते. शुक्रवारी ती आईबाबांकडे जेवायला येते. जेवणं झाली की बाबा कालच्या बातम्या लावायचे. बटण दाबून चित्र थांबवायचे, मागे न्यायचे, पुन्हा सोडायचे. शिवणीत एक टाका घसरला तर खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओळखणारा माणूस तो. ताईची चूक त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. मी ती भाषा त्यांच्याकडूनच शिकलो.

"पूर ओसरला असं सांगायचं होतं ना?" बाबा हातांनी विचारायचे.

"हो. का?"

"तू म्हणालीस, दूध उतू गेलं."

"बाबा, मनगट जरा वळलं असेल एवढंच."

"मनगट वळलं आणि गावात दूध वाहिलं."

आई हसून हसून डोळे पुसायची. ताई चिडायची, पण दर शुक्रवारी हजर असायची. तिचे हात काळ्या कापडावर उठून दिसावेत म्हणून बाबा तिला काळे कोट शिवून द्यायचे. एकदा एका बातमीपत्रात त्यांना एकही चूक सापडली नाही. त्यांनी ते तीनदा पाहिलं. मग उठून ताईच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला सांगितलं, "हे पुसायचं नाही." आईने रिमोटने त्यावर 'पुसू नये' अशी खूण केली. माझ्या पोटात जागा कमी पडली तेव्हा मालिका गेल्या, सामने गेले. ते बातमीपत्र राहिलं. त्या वर्षांत आई रोज सकाळी माझ्यावरून मऊ फडकं फिरवायची आणि पाहुण्यांना सांगायची, "आमचा हा हिरा आहे."

मग तक्रारी सुरू झाल्या.

सुरुवातीला तक्रार ताईबद्दल होती. तुझी बोटं आळशी झाली, बाबा म्हणाले. शब्द अर्धवट सोडतेस. ताईने मनाला लावून घेतलं. ती हात मोठे करून, सावकाश सांगू लागली. तिकडे स्टुडिओत तिचे साहेब ओरडले, की हात लंबगोलाच्या बाहेर जातात आणि बातमी संपली तरी तुमचं चालूच असतं. घरी येऊन तिने बाबांना ते सांगितलं नाही. आईला स्वयंपाकघरात सांगितलं. "आई, मला वाटतं, मला आता हे जमत नाही."

"तू काय बावीस वर्षं बातम्या सांगून आता भाषा विसरलीस होय?"

"बाबा म्हणतायत ना."

आणि या घरात नजरेच्या बाबतीत बाबांचा शब्द शेवटचा होता.

पुढे बाबांनीच ताईला दोषातून सोडवलं आणि मला धरलं. चित्र धूसर आहे, ते म्हणाले. आई म्हणाली, मला तर चांगलं दिसतंय. त्यावर बाबांचं उत्तर बिनतोड होतं. "तुला कान आहेत. तू बातम्या ऐकतेस. बोटं कधी वाचतेस?" स्वतः ताई कधी स्वतःला पाहायची नाही. चित्र सुरू झालं की ती बाबांचा चेहरा पाहायची.

डिशवाला आला. छपरावर चढला, उतरला, माझ्या पाठीतल्या वायरी काढून पुन्हा खोचल्या.

"काकू, सिग्नल पोटभर आहे. याला काहीही झालेलं नाही."

"मग यांना धूसर का दिसतं?"

"आता जुनं झालं ना मशीन. बदलून टाका."

काहीही झालेलं नाही, आणि बदलून टाका. एकाच दमात तो दोन्ही बोलून गेला, आणि घराने दुसरं तेवढं ऐकलं. त्यानंतर माझ्यावर फडकं फिरलं नाही. बाबा माझ्या टपावर थाप मारू लागले. धूळ माझ्या जाळीत जाऊन बसली आणि मी तापू लागलो. त्या शनिवारी मला टॉवेलात गुंडाळलं गेलं ते असं.

दुकानदार आता कानशिलांवर पांढरा झाला होता. त्याने नवा रेकॉर्डर पुढे ठेवला. तो माझ्या निम्म्या जाडीचा होता. "यात तुमच्या जुन्याच्या चौपट मावेल. एकदम चार वाहिन्या. फक्त एक सांगतो ताई, जुन्यातलं रेकॉर्डिंग नव्यात जात नाही. ज्याचं त्याच्यात राहतं. ते गेलं असं समजा."

ताईने बाबांना हातांनी ते सांगितलं. मग बाबांनी माझ्याकडे बोट केलं: जाण्याआधी ते एक बातमीपत्र शेवटचं पाहू.

दुकानदाराने मला दुकानातल्या सर्वांत मोठ्या टीव्हीला जोडलं. ताई पडद्यावर आली. काळा कोट, दोन हात.

"अहो, काकू," दुकानदार म्हणाला, "याला काय झालंय? लख्ख आहे की! नखं मोजून घ्या."

आईने पाहिलं. ताईने पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिलं. बाबा तीन पावलांवर उभे होते. त्यांनी मान हलवली.

"धूसर," त्यांनी सांगितलं.

ताईच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलं. तिने विचारलं, "बाबा, हे कोणतं बातमीपत्र आहे?"

"बिनचुकीचं."

"तेव्हा आपल्या घरी, खुर्चीत बसून पाहिलंत. एकेक बोट दिसलं होतं?"

"एकेक पेर."

"हे तेच आहे. याच मशीनमधलं. तेव्हा टीव्हीही लहान होता."

बाबांनी तिच्या हातांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे गेले. मग आणखी एक. पडद्याच्या काचेला नाक लागेल इतके जवळ गेले, आणि तिथे उभं राहून त्यांनी ती बातमी शब्दान्‌शब्द स्वतःच्या हातांनी म्हटली. मग एक पाऊल मागे आले आणि त्यांचे हात थांबले. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. दुकानात आलेलं दुसरं एक जोडपं बघत होतं. दुकानदाराने कुणी न सांगता बाकीचे टीव्ही बंद केले.

आई हळूच म्हणाली, "सुई हल्ली मीच ओवून देते." कुणाला सांगत होती, कोण जाणे. "मला वाटलं, वयच झालं."

दुकानदाराने नवा रेकॉर्डर खोक्यात परत ठेवला. "काकू, आज काही घेऊ नका. कोपऱ्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई बसतात. दोनपर्यंत असतात."

मला पुन्हा टॉवेलात गुंडाळलं. मित्रांनो, माझ्यावरचा आळ गेला होता. मला त्याचा आनंद झाला नाही. बाबांचा उजवा डोळा लहानपणापासून अधू आहे. त्याला फक्त उजेड कळतो. जे काही होतं ते डाव्या डोळ्यावर होतं. कान नसलेल्या माणसाचा तो डोळा म्हणजे त्याचं घर, मुलगी, सुई आणि सगळी भाषा.

डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते आईने तिच्या बहिणीला फोनवर सांगितलं, म्हणून मला कळलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू दाट झाला आहे. तो काढता येईल. पण त्याच्यामागे डोळ्याचा पडदा कसा आहे, ते आत्ता दिसत नाही. "मी विचारलं," आई म्हणाली, "मागेही खराब असलं तर? त्या म्हणाल्या, काढल्याशिवाय मला कळणार नाही, आणि कळल्याशिवाय मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही."

शस्त्रक्रियेनंतर सकाळपर्यंत डोळ्यावर पट्टी राहणार होती. म्हणजे तोवर बाबा कुणालाच पाहू शकणार नव्हते. ताई खुर्चीसमोर बसली आणि त्यांच्या तळहातावर खुणा ठरवू लागली. एक टिचकी म्हणजे मी इथे आहे. अंगठा ओढला म्हणजे थेंब घालतायत, हलू नका. तळहातावर गोल काढला म्हणजे सगळं ठीक.

"आणि ठीक नसलं तर?" बाबांनी विचारलं.

ताईने त्याची खूण ठरवली नव्हती.

बाबांनी विषय बदलला. "तुझी आई बडबडत असली तर ती खूण कोणती?"

"ती तुम्हाला कुठे ऐकू येते?"

"वाफ लागते ना तोंडाची."

आईने टाच आपटली, तीनदा.

पट्टी काल सकाळी काढली. तेही मी फोनवरच ऐकलं. ताई त्यांच्यासमोर हात मागे बांधून उभी होती; हात हलवायचा तिला धीर होत नव्हता. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी हात उचलले आणि सांगितलं, "कोटाचं मधलं बटण लोंबतंय. बाहेर जाताना असं जायचं?" आई फोनवर हसत होती आणि रडतही होती. मग तिचा आवाज खाली आला. "पण गं, तिच्या तोंडाकडे पाहिलं की मधोमध एक डाग दिसतो म्हणतात. नाकाच्या जागी. डॉक्टरीणबाई म्हणतात, सूज असेल तर उतरेल. पडद्याचंच जुनं दुखणं असेल तर राहील. सोमवारी तपासणार."

मित्रांनो, माझ्यासारख्यांनी शेवटी 'आमची काळजी घ्या' असं सांगायचं असतं. तेही सांगतो: आमच्या जाळीतली धूळ काढा, आमच्या डोक्यावर फुलदाणी ठेवू नका, थाप तर मारूच नका. पण त्याआधीचं एक ऐका. घरातलं कुणी चित्र अंधुक आहे म्हणालं, आवाज बारीक आहे म्हणालं, जिना उंच झाला म्हणालं, तर लगेच चित्र, आवाज आणि जिना दुरुस्त करायला धावू नका. त्या माणसाशेजारी बसा. आणखी काय काय तसं वाटतं, ते विचारा. ज्याची नजर घरात सर्वांत तीक्ष्ण मानली जाते त्याला तर आधी विचारा, कारण त्याला कुणीच विचारत नाही.

आज गुरुवार. ताईला जायचं नव्हतं. बाबांनी तिला पाठवलं. कोटाचं बटण आईने शिवून दिलं. बाबा आतल्या खोलीत थेंब घालून डोळे मिटून पडले आहेत. सोमवारपर्यंत टीव्ही पाहायचा नाही, अशी ताकीद आहे. कपाटासमोरची खुर्ची रिकामी आहे आणि पडदा काळा आहे.

सहा वाजून गेले. माझा लाल दिवा लागला आहे. ताई कोपऱ्यात उभी राहून बातम्या सांगते आहे, आणि मी त्या साठवतो आहे.