माझ्याकडं तर नीट दिसतंय

"माझ्याकडं तर नीट दिसतंय की." विजयश्रीच्या सासऱ्यांनी, उद्धवरावांनी, मोबाइल तिच्यापुढं धरला.

त्यांना नीटच दिसणार. ते रोज उघडतात. वर्कशॉपच्या वेबसाइटमध्ये घुसलेला कोड ओळखीच्या माणसाला सोडतो. सर्च करून पहिल्यांदा येणाऱ्याला धरतो. हे वर्कशॉप चाकणच्या ज्या कंपनीला जिग, म्हणजे सुटे भाग पक्के धरायची साधनं, बनवून देतं, तिथल्या खरेदीवाल्या मॅडमना साइटवर लेथच्या फोटोऐवजी हे दिसलं:

अभिनंदन! चाक फिरवा, बक्षीस जिंका!

कंपनीनं साइटबरोबर मेलही अडवले. साफ होईपर्यंत ऑर्डर नाही. आणि वर्कशॉपला दुसरं गिऱ्हाईक नाही.

संत तुकाराम नगरहून स्वरूपा आली. असल्या साइट साफ करणं हेच तिचं काम. तिनं कोड शोधला, काढला, पासवर्ड बदलला. पान स्वच्छ. विजयश्रीनं चहा टाकला. चहा

अभिनंदन! चाक फिरवा, बक्षीस जिंका!

उकळेपर्यंत ते परत आलं होतं.

"ताई, हे तुमच्यातनं येत नाहीये. साइट ठेवायच्या याच खात्यात बैलगाडा शर्यतीची एक साइट पडून आहे. तिथून इकडं उतरतंय. ती साफ केल्याशिवाय काही खरं नाही."

भावकी एक होती तेव्हा खातंही एकच घेतलं होतं, सासऱ्यांचे चुलतभाऊ बबनराव यांच्या नावावर. पुढं जमीन वाटली, विहिरीचं पाणी वाटलं, बैलसुद्धा वाटले. खातं वाटायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आता शर्यतीची साइट उघडायची तर ओटीपी बबनरावांच्या फोनवर. वर्कशॉपची साइट दुसरीकडं न्यायची, तरी तिथंच.

विजयश्रीनं बबनरावांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"नाना, तुम्हाला एक ओटीपी येईल..."

"ओटीपी कुणाला सांगू न्हाई गं पोरी. ब्यांकवालं रोज बोंबलत्यात."

"साइटमध्ये व्हायरस शिरलाय नाना. तुमच्याही."

"माझ्याकडं तर नीट दिसतंय." बबनराव हसले. "तुझ्या सासऱ्याला म्हणावं, माझ्या शेताला वाट द्यायच्या कागदावर सही कर. मग घे ओटीपी, लागंल तेवढं."

उद्धवराव तिथंच बसून ऐकत होते.

"ती वाट अडवायला माझा बाप तिथं आडवा झोपला हुता," ते म्हणाले. "सही न्हाई."

"आबा, वर्कशॉप जाईल."

"जाऊ दे."

(स्वरूपानं पुन्हा काढलं.)

अभिनंदन! चाक

(पुन्हा.)

अभिनं

"मी रोज काढून देईन ताई. ते रोज येणार." तिनं लॅपटॉप मिटला. पैसे घ्यायला ती तयार होईना.

नंतर मॅडमचा फोन आला. त्यांनी परत तपासलं होतं. "आमच्या आयटीवाल्यांपुढं माझं चालत नाही हो. जिगचं काम भोसरीला दिलं."

विजयश्रीनं शेडमध्ये जाऊन सांगितलं. उद्धवरावांनी लेथ बंद केला, हात पुसले आणि मोबाइल काढला. साइट उघडून तो तिच्यापुढं धरला.

तिनं बघितलं. लेथ, शेड, दारात उभे उद्धवराव. खरंच नीट दिसत होतं.