तितिवीच्या वाटेवरची वाळ्याची रांग

मी वाळ्याची जुडी बोलते आहे. पण माझं सांगण्याआधी युफ्रेझीचा नवस सांगायला हवा. तो नसता तर मी जुन्या मळ्याच्या कडेला उभ्या उभ्या वाळून गेले असते आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

युफ्रेझीचा नवरा हिलेअर एकदा होडी घेऊन मासेमारीला गेला तो वेळेत परतला नाही. बाकीच्या होड्या आल्या, त्याची आली नाही. युफ्रेझी नदीच्या मुखाशी गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि मेरीमातेला म्हणाली, "आई, त्याला ओढून आण. ज्या पाण्यावर आमचं पोट, त्या पाण्यात माझ्या अंगणातली माती मी जाऊ देणार नाही."

हिलेअर आला. होडीचं इंजिन बंद पडलं होतं, माणूस उन्हानं करपला होता, पण आला. नवस मात्र तसाच राहिला, कारण तिचं घर नदीकाठी सपाट जागेवर होतं. तिथून वाहून जाण्यासारखी मातीच नव्हती.

मग मोठं वादळ आलं आणि ते घरच वाहून गेलं. आमच्या डॉमिनिका बेटावर त्या वर्षी कुणाचं काय गेलं, हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. नवं घर टेकडीवर बांधायचं ठरलं. ओझायस नावाचा माणूस खोदायचं यंत्र घेऊन आला आणि त्यानं उतार कापून जागा सपाट केली. आतली लाल माती उघडी पडली. खाली नदी, तिच्यापुढे समुद्र.

त्या मुखातून, चंद्र उतरणीला लागला की, तितिवी नदीत चढते. तितिवी म्हणजे सुईएवढे मासे, आरपार दिसणारे, मोजता न येणारे. बायका पाण्यात चादरी धरून उभ्या राहतात. पाणी लाल असलं की तितिवी मुखाशी घुटमळते आणि दुसऱ्या नदीकडे वळते. मग चादरी कोरड्याच परत येतात.

युफ्रेझी कापलेल्या उतारावर उभी होती. ओझायसनं तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"मा युफ्रेझी, एवढं काय मनावर घेता? खाली एक खड्डा काढू. त्यात गाडीतल्या गोणीतली ही पूड टाकली की गाळ तळाशी बसतो. पाणी काचेसारखं."

"आणि तितिवीला ती पूड चालते?"

"ते मला काय विचारता? मी यंत्र चालवतो."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही."

"मग गोणी गाडीतच राहू दे. खड्डा तेवढा काढ."

माझी आठवण तिला तेव्हा झाली. माझे पूर्वज तुमच्याकडूनच कधीतरी इकडे आले म्हणतात. मला काही आठवत नाही. तुमच्याकडे मला माठात घालतात. इथे मला कुसकुस म्हणतात, माझ्या पानांच्या चटया विणतात. माझं खरं काम जमिनीखाली चालतं. माझं मूळ सरळ खाली उतरतं, दोन पुरुष खोल. आडवं पसरून ते शेजाऱ्याच्या तोंडचं खात नाही.

युफ्रेझीनं कुदमें बोलावलं. कुदमें म्हणजे ज्याचं काम त्याच्याकडे सगळ्यांनी हात लावायचा आणि जेवण त्याच्या घरचं. पुरुष कुदळी घेऊन आले. ती खाली बहिणीच्या अंगणात चुलीशी बसली. निरफणस भाजायचा होता, अळूचे कंद आणि खारा मासा शिजवायचा होता. "कुसकुस आणा आणि लावा," एवढंच तिनं सांगितलं.

त्यांनी मला मळ्यातून उपटलं, पानं वीतभर ठेवून छाटली, फोडून फोडून पुष्कळ केलं. फोडल्यावर यातली खरी कुठली, असा प्रश्न माणसांना पडत असेल. आम्हाला पडत नाही.

हिलेअर आणि त्याच्या मुलीचा धर्मपिता क्लेटस पुढे होते; या नात्यानं दोघे एकमेकांना कोम्पे म्हणत. त्यांनी मला झपाझप लावलं. युफ्रेझी डोक्यावर पातेलं घेऊन वर आली, तिनं पाहिलं आणि पातेलं खाली ठेवलं.

"हे काय लावलंत?"

"कुसकुस," हिलेअर म्हणाला. "तूच सांगितलंस."

"असं उभं? वरून खाली?"

"मग कसं? कुसकुस हद्दीवर असतो. माझ्या बापानं असाच लावला, त्याच्या बापानंही."

"शिवाय हद्दीवरून भांडणाऱ्या तुझ्या चुलतभावाचं तोंड बंद झालं, कोम्पे," क्लेटस म्हणाला. "एका कुदळीत दोन कामं."

"तिसरंही केलंत. पावसाला जिना करून दिलात," युफ्रेझी म्हणाली. "ये बाबा, उतर सावकाश, धरायला कठडासुद्धा आहे."

सगळे हसले आणि जेवायला बसले. कुसकुस म्हणजे हद्द, हे या गावात कुणी कधी तपासून पाहिलेलं नाही. म्हणून कुणाला राग आला नाही आणि कुणी उठलंही नाही.

पाऊस पानावरच आला. छोटीशीच सर होती. पाणी माझ्या रांगेच्या कडेनं धावत निघालं, माझी ओली मुळं उघडी पडली, काही जुड्या उपटून पुढे गेल्या. ओझायसचा खड्डा भलत्या बाजूला राहिला. लाल ओघळ नदीला मिळाला तेव्हा सगळे उभे राहून पाहत होते.

क्लेटसनं ताट खाली ठेवलं. "चंद्र कधी उतरतो?"

"याच आठवड्यात," युफ्रेझी म्हणाली. आवाज चढवला नाही. "मी शब्द दिलाय रे. तुमच्यासाठीच दिलाय."

घराच्या पायाची पातळी बघायला गवंड्यानं आणलेली पारदर्शक नळी हिलेअरनं उचलली. नळीत पाणी होतं. दोन टोकं दोघांनी धरायची. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीवर आलं की त्या दोन जागा एका पातळीत. तिथे खुंटी ठोकायची.

"टोक वर घे, कोम्पे."

"माझं बरोबर आहे. तूच खाली वाकलायस."

"मी सरळ उभा आहे."

"रम प्यायल्यावर सगळे सरळच असतात."

खुंट्यांची ओळ उताराला आडवी गेली. पुन्हा मला उपटलं, पुन्हा लावलं, या वेळी खेटून, मधे बोटभर फट न ठेवता. पाणी फटच शोधत असतं. पण मी नवी होते आणि मुळं धरायला महिने लागतात, म्हणून युफ्रेझीनं माझ्या वरच्या अंगाला दगडांची ओळ रचून घेतली आणि उघड्या मातीवर केळीची पानं अंथरली. प्रत्येक खुंटीशी तिनं हलकेच क्रूसाची खूण केली. खड्डाही रांगेखाली, योग्य बाजूला, पुन्हा काढला.

मग खरा पाऊस आला. पाणी माझ्यापर्यंत येऊन थबकलं, हातातली माती खाली ठेवली आणि माझ्यातून पाझरत पुढे गेलं. पुरतं स्वच्छ होतं असं नाही, खोटं कशाला सांगू. कोऱ्या चहासारखं होतं.

तितिवी आली की नाही, मी पाहिलं नाही. मी टेकडीवरची. पहाटे बायका चादरी घेऊन उतरल्या. दिवस वर आल्यावर खालून तळणाचा वास आला. तितिवीच्या भज्यांचा वास दुसऱ्या कशालाच येत नाही. मग युफ्रेझी वर आली. मासे धुतलेलं पाणी तिनं भांड्यात आणलं होतं. ते माझ्या मुळाशी ओतलं आणि म्हणाली, "आई, हा तुझा वाटा. आणि जुडी गं, हा तुझा."

आता घर उभं आहे. माझ्यामागे माती साचून पायरी झाली आहे, तिच्यावर ती मिरच्या लावते. शेजारणी चटयांसाठी माझी पानं कापतात, ती पुन्हा येतात. घर बांधताना माझा एक तुकडा दाराच्या पायरीखाली गाडला गेला. तक्रार नाही. चुलतभाऊ अजून विचारतो, हद्द कुठे आहे.

तुम्हीही कधी घर बांधाल, उतार कापाल. कुदळ घालण्याआधी खाली कोण राहतं ते एकदा बघा, आणि ज्या देवाला मानता त्याच्याजवळ युफ्रेझीसारखा शब्द द्या, की माझ्या अंगणातली माती माझ्याच अंगणात राहील. मग माझी एक जुडी फोडून न्या. मी कमी होत नाही.

फक्त मला आडवी लावा.