एक रबर, दोन रबर

मला दिसत नाही, आणि माझ्या टेबलाला कुणी हात लावलेला मला खपत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे लोकांच्या लक्षात येत नाही. आईच्या तरी येतं, असं मी त्या मंगळवारी सकाळपर्यंत समजत होते.

मी ब्रेल पुस्तकं तपासते. छापखाना फाइल पाठवतो, लॅपटॉपला जोडलेल्या एका पट्टीवर एकेक ओळ टिंबांनी वर येते, मी ती बोटांनी वाचते आणि चुका काढते. चुका काढणं हा माझा मूळचा स्वभाव, त्याचा कुणी पगार देईल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं. पट्टी छापखान्याची. त्यांच्याकडे अशा तीनच आहेत, आणि त्यातली एक मोठ्या साहेबांनी माझ्या घरी ठेवायला दिली ती तीन महिन्यांच्या बोलीवर. भूगोलाचं पुस्तक मंगळवारी बाराच्या आत तपासून गेलं तर मी कायम, नाहीतर पट्टी परत. पट्टी जळाली तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं आणि विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

लॅपटॉप जुना. त्याला यूएसबीची दोन भोकं, त्यातलं एक मेलेलं. आणि लावायच्या वस्तू चार: पट्टी, फाइलींची हार्ड डिस्क, स्कॅनर, कीबोर्ड. सुरुवातीला मी एक साधा हब आणला, स्वतःची वीज नसलेला. सगळं लावलं की वाचता वाचता टिंबं बोटाखालीच बसायची आणि डिस्क टकटक करून मान टाकायची. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याशी भांडायला गेले, तर तो शांतपणे म्हणाला, ताई, नळ एक आणि बादल्या चार, धार कुणाला मिळणार? तुम्हाला अडॅप्टरवाला हब हवा, जो भिंतीतून वीज घेतो. मग त्याने कुठली वस्तू किती अँपिअर ओढते त्याची बेरीज केली. अडीच आली, तर त्याने चारचा अडॅप्टर असलेला हब दिला. काठोकाठ घ्यायचं नाही, थोडं शिल्लक असू द्यायचं, म्हणाला. लावताना आधी अडॅप्टर, मग लॅपटॉप, मग एकेक वस्तू.

निघताना त्याने विचारलं, घरी वायफायचा डबा आहे का? आहे म्हटल्यावर त्याने अडॅप्टर दिव्याखाली धरून त्यावरचा बारीक नंबर पुन्हा वाचला.

‘हा पाच व्होल्टचा,’ तो म्हणाला. ‘डब्याचा बारा व्होल्टचा असणार. पिन दोघांची सारखी. तो चुकून हबला लावलात, तर हब जाईलच, त्यावर जे जे लावलंय तेही जाईल.’

घरी येऊन दोन्ही चाचपले. आकार तोच, वजन तेच, अगदी जुळे भाऊ. म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापले, हबच्या अडॅप्टरला एक घातला आणि डब्याच्या अडॅप्टरला दोन. आईला बजावलं, याला हात लावायचा नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण आमच्या घरात फक्त मी वापरते. त्या दिवशीही मीच वापरली, आणि आई हसली.

सोमवारी मला छापखान्यात बोलावलं होतं. आई नेहमीप्रमाणे बसथांब्यापर्यंत सोडायला आली. मोठा रस्ता ओलांडताना माझा हात तिच्या दंडावर होता. मध्येच एका गाडीचे ब्रेक इतक्या जवळ किंचाळले की चाकाची गरम हवा माझ्या पायाला लागली. ‘लोकांना गाडी चालवायची अक्कल नाही,’ आई म्हणाली, आणि आम्ही पलीकडे गेलो. मीही त्या ड्रायव्हरला दोन शिव्या हासडल्या.

मंगळवारी सकाळी आई भाजीला गेली आणि मी कामाला बसले. वीसच पानं उरली होती. हात टाकला तर टेबल रिकामं, वर साबणाचा वास. पट्टी, डिस्क, हब, वायफायचा डबा, सगळं खिडकीत ओळीने मांडून ठेवलेलं सापडलं. अडॅप्टर दोन्ही खणात होते. एकाला एक रबर, दुसऱ्याला दोन. चला, म्हटलं, निदान एवढी तरी अक्कल शाबूत आहे. घाईत क्रम विसरून सगळ्या वायरी आधीच जोडल्या. एक रबरवाला अडॅप्टर भिंतीत लावला, त्याची पिन हबच्या तोंडाशी नेली आणि हात थांबला.

रबर गुळगुळीत होता. बारीक, घट्ट, नव्या रबराच्या वासाचा. माझे रबर जाड होते, कडेला कात्रीचे दाते लागलेले.

मी पिन दूर धरून बसून राहिले. कुणीतरी माझ्या खुणा काढून स्वतःच्या घातल्या होत्या. त्या खऱ्या आहेत की खोट्या हे मला कळणार नव्हतं, आणि पिन आत जायला बोटभर अंतर उरलं होतं. बटण बंद केलं. फोनच्या कॅमेऱ्याला अडॅप्टर दाखवला, तर फोन म्हणाला, ‘काळी वस्तू.’ धन्य आहे. घड्याळाला विचारलं, तर पावणेदहा.

आई आली. मी विचारायच्या आधीच सांगू लागली, की टेबलावर बोटभर धूळ होती, आणि ते रबर डांबरासारखे चिकट झाले होते, म्हणून फेकले आणि नवे घातले. कुठल्याला किती हे कसं कळलं, असं मी विचारलं. नंबर बघून, ती म्हणाली. आणि मी विश्वास ठेवला. जिचे डोळे मी जन्मभर वापरले तिच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

पिन पुन्हा हातात घेतली. तेव्हा मला दुकानदार आठवला. धडधाकट डोळ्यांच्या त्या माणसालाही तो नंबर वाचायला दिवा लागला होता. मी एक रबरवाला अडॅप्टर भिंतीतून काढला, रबर सोडवला आणि अडॅप्टर आईपुढे धरला. पुन्हा वाच बरं, म्हटलं.

‘पाच,’ आई झटकन म्हणाली.

तिने चष्मा शोधला नाही. खिडकीपाशी गेली नाही. अडॅप्टर हातात फिरवल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मी दुसऱ्याचेही रबर काढले, दोन्ही अडॅप्टर टेबलाखाली एकमेकांवर वाजवले आणि तोच पहिला पुन्हा पुढे केला.

‘बारा,’ आई म्हणाली.

भाजीची पिशवी जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा.

‘तोच होता का?’ तिने विचारलं.

‘तोच.’

‘मधलं दिसत नाही गं,’ ती म्हणाली. ‘कडेचं दिसतं. मधे नुसता धूर.’

असं होऊन तिला सहा महिने झाले होते. मला एकेक आठवायला लागलं. घसा बसतो म्हणून तिने पेपर वाचून दाखवणं बंद केलं होतं. फोन माझ्याकडे देऊन नंबर लावायला सांगायची. तिचा डोळा बारीक झालेला, मान वाकडी झालेली कुणीही बघितली असती, पण या घरात बघणारं होतं कोण? आणि मग सोमवारचा रस्ता आठवला. पायाला लागलेली ती गरम हवा. ड्रायव्हरची काही चूक नव्हती. सहा महिने आम्ही दोघी तो रस्ता तशाच ओलांडत होतो, आणि मी खुशाल बडबड करत तिच्या दंडाला धरून चालत होते.

‘मला सांगितलं का नाहीस?’

‘सांगून काय?’ आई म्हणाली. ‘या घरात एकीला तरी दिसायला हवं होतं ना.’

झाकली मूठ सव्वा लाखाची, ती अशी. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिला घट्ट धरावंसंही वाटत होतं. त्यातलं काहीच न करता मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, कारण सव्वादहा वाजले होते आणि दोन काळे भाऊ माझ्या मांड्यांवर पडले होते, पहिला उजव्या, दुसरा डाव्या. त्याने सगळं ऐकून घेतलं.

‘हबला लावून बघू नका,’ तो म्हणाला. ‘डब्याला लावून बघा. पाचवाला लावलात तर डबा नुसता उठणार नाही, बिघडणार नाही. बारावाला लावलात तर फोनवर वायफाय येईल.’

इतकं सोपं होतं. डोळे लागतच नव्हते. ज्याला आईने एक रबर घातला होता, जो मी हबमध्ये घालणार होते, तो मी डब्याला लावला आणि फोन कानाशी धरून बसले. दोन मिनिटांनी फोन म्हणाला, ‘वायफाय जोडलं गेलं.’

बाराचा होता.

आई रडायला लागली. आवाज न करता रडायची तिची जुनी खोड आहे, पण मला ते नेहमीच ऐकू येतं. या वेळी सगळ्या वायरी काढून आधी दुसरा अडॅप्टर हबला लावला. मग लॅपटॉप, डिस्क, आणि सगळ्यात शेवटी पट्टी. टिंबं वर आली आणि बोटाखाली ताठ उभी राहिली. वीस पानं मी कशी वाचली ते सांगता येणार नाही. नद्या कुठून कुठे वाहत होत्या देव जाणे, पण अकरा चुका काढल्या आणि बाराला सात मिनिटं असताना फाइल गेली. साहेबांचा फोन आला, अभिनंदन म्हणाले. मी आभार मानले, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला आतल्या खोलीत गेले. दुपारी तीनची मिळाली.

कपाटातून माझी काठी काढली. आई बरोबर असताना मी ती कधी नेत नसे. मोठ्या रस्त्याच्या कडेला येऊन आम्ही थांबलो. या वेळी तिचा हात माझ्या दंडावर होता. तिची नखं बाहीतून रुतत होती. डावीकडून एक ट्रक गेला, मग दोन गाड्या, मग थोडी शांतता झाली. लांबवर काहीतरी घरघरत होतं. ते उभं आहे की येतंय, याचा मी अंदाज घेत होते.

‘थांबल्यात का गं गाड्या?’ आईने विचारलं.

‘थांबल्यात,’ मी म्हणाले. अगदी तिच्यासारखीच, झटकन.