कोऱ्या पडद्यावरचा ओहोळ

मी एक जुना स्लाइड प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, माझे नाव ऐकून तुम्ही डोके खाजवाल, पण त्यात तुमचा काय दोष? बोटाएवढ्या फिल्मवरचे चित्र उजेड टाकून पडद्यावर भिंतीएवढे करायचे, हे माझे काम.

मला नाशिकला आणले वत्सलाबाईंनी. त्या शाळेत भूगोल शिकवत आणि सुट्टीत कॅमेरा घेऊन घाट, कुंड, गल्लीबोळ पालथे घालत. दर हिवाळ्यात गोदाकाठच्या एका वाचनालयाच्या तळमजल्यावर त्यांची व्याख्याने होत. फुलबाजारातल्या बायकासुद्धा रिकाम्या पाट्या दाराशी ठेवून ऐकायला बसत. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू!

वाचनालयामागे पूर्वी एक ओहोळ वाहत असे. पुढे त्यावर स्लॅब पडला, रस्ता झाला. त्या उघड्या ओहोळाचे चित्र बाई शेवटी दाखवत आणि म्हणत, "वर रस्ता झाला म्हणून खालचं पाणी गेलं, असं समजू नका हं." लोक माना डोलवत, चहा पीत आणि घरी जात.

मग लॅपटॉप आला. मी वाचनालयातल्या कपाटाच्या वरच्या खणात गेलो आणि स्लाइडचे जड डबे खालच्या खणात. चित्रे गावाची आहेत, ती इथेच राहावीत, असा बाईंचा हट्ट. चित्रांच्या प्रती काढून घे, असे त्या वाचनालयाच्या कार्यवाहाला, समाधानला, सारखे सांगत. तो म्हणे, "सिंहस्थाची गडबड उरकू द्या बाई, मग निवांत करू."

गेल्या पावसाळ्यात गोदेला पूर आला. आमच्याकडे पूर मोजतात तो घाटावरच्या दुतोंड्या मारुतीवर. बाई छत्री सावरत आल्या.

"समाधान, तेवढे डबे माडीवर ने रे. मला उचलत नाहीत."

"बाई, पाणी अजून मारुतीच्या गुडघ्यालाच आहे. कमरेला लागू द्या, लगेच हलवतो."

त्याच्यावर रागावू नका. अख्खे नाशिक असाच हिशेब करते. नदी खरेच गुडघ्यावर थांबली. पाणी आले ते मागून, त्या झाकलेल्या ओहोळातून, गटाराचे झाकण उडवून. खालचा खण बुडाला. मी वर कोरडा राहिलो, आणि त्याचेच मला वाईट वाटते.

तरीही बाईंनी हिवाळ्यातले व्याख्यान रद्द केले नाही. धुऊन वाळवलेल्या स्लाइड त्यांनी माझ्यात घातल्या. पहिली पांढरी. दुसरीही पांढरी. फिल्मवरचे चित्रच पुराच्या पाण्याने धुऊन नेले होते. शेवटी कोऱ्या पडद्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "इथं ओहोळ होता. इथं धुण्याचे दगड."

"बाई, माझं चुकलं," समाधान रडवेला झाला.

"ते जाऊ दे. आता मी हे दाखवू कशात, ते सांग."

मी नुसता पांढरा उजेड टाकत राहिलो.

मित्रांनो, तुमच्या गावाविषयी कोणी पोटतिडकीने सांगत असेल, तर ऐकून नुसते घरी जाऊ नका. त्यांच्याकडे जे आहे ते जपायला त्याच आठवड्यात हात लावा, सवड नसली तरी लावा. शनिवारी बाई पुन्हा येणार आहेत. मला पेटवतील. माझा दिवा अजून लख्ख आहे, पण खरे सांगू, आता मला पेटायची भीती वाटते.